ह्याचा उपयोग काय?

संयुक्त अरब अमिरातीत राहणाऱ्या माणसावर स्वतःच्या हातानं काही करायची वेळ सहसा येत नाही. चपाती तयार मिळते. दिवाळीचा फराळ दुबईच्या करामामध्ये डब्यात भरून मिळतो. नळ गळायला लागला तर नातूरला, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराला, सांगायचं, तो कुणाला तरी पाठवतो, आणि तो कुणी तरी त्याहून जास्त गळणारा नळ बसवून जातो. समुद्रात ताडाच्या झाडाच्या आकाराचं बेट हवं असेल तर तेही करून मिळतं. अशा देशात एखाद्याच्या हाताला खाज सुटली तर त्या बिचाऱ्यानं जायचं कुठं?

शारजात आमचे एक स्नेही आहेत, शाळेत भौतिकशास्त्र शिकवतात. त्यांना सगळे 'सर' म्हणतात, त्यात त्यांची बायकोही आली. सर पूर्वी निरुपद्रवी होते. पण जानेवारी २०२२मध्ये अमिरातीनं शनिवार-रविवारची सुट्टी सुरू केली आणि शारजानं त्यात अख्खा शुक्रवार घातला. आठवड्यातून तीन दिवस सुट्टी! मराठी मास्तराला इतका रिकामा वेळ देणं धोक्याचं असतं हे शारजाच्या सरकारला कुणी सांगायला हवं होतं. वहिनींना वाटलं, हे आता माळे साफ करतील. सरांनी माळा साफ केला खरा, पण तिथे सामान ठेवायला जागा हवी म्हणून. सर घरी जेट इंजिन करणार होते.

हे ऐकल्यावर माणसं दोन प्रकारे वागतात. काही जण हसतात. काही जण तळपद्यांचा विषय काढतात. इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात हा विषय निघाला की १८९५ साली चौपाटीवर शिवकर बापूजी तळपद्यांनी विमान उडवलं की नाही यावरून दोन तट पडतात आणि श्रीखंड संपेपर्यंत कुणीही मागे हटत नाही. सर या वादात पडत नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, की तळपद्यांकडे टर्बोचार्जर नव्हता.

खरं म्हणजे जेट इंजिन हा प्रकार जन्मापासूनच घरगुती आहे. आज ते विमानाच्या पंखाखाली लटकलेलं, आत माणूस उभा राहील एवढं दिसतं, म्हणून आपल्याला ते कुठल्या तरी प्रचंड प्रयोगशाळेत जन्मलं असावं असं वाटतं. तसं काही नाही. जर्मनीत ग्यॉटिंगेनला हान्स फॉन ओहाइन नावाचा तरुण शिकत होता. त्यानं आपल्या इंजिनाचा पहिला नमुना करून घेतला तो गाडी दुरुस्तीच्या गॅरेजमधल्या माक्स हान नावाच्या मेकॅनिककडून, खिशातल्या हजारेक मार्कांत. नमुना स्वतःच्या बळावर फिरला नाही. मागून भल्यामोठ्या ज्वाळा तेवढ्या निघाल्या. पुढे हाइंकेल कंपनीनं ओहाइनबरोबर त्या मेकॅनिकलाही उचललं, आणि २७ ऑगस्ट १९३९ला त्यांच्या इंजिनावर जगातलं पहिलं जेट विमान उडालं. तिकडे इंग्लंडात फ्रँक व्हिटलनं १९३०मध्येच पेटंटचा अर्ज केला होता. १९३५मध्ये नूतनीकरणाचे पाच पौंड भरायला नव्हते म्हणून ते पेटंट सोडून दिलं. त्याचं इंजिन १२ एप्रिल १९३७ला रग्बीत पहिल्यांदा पेटलं आणि पेटताच बेभान झालं. इंधनाची झडप बंद केली तरी वेग वाढतच गेला, कारण आत आधीच इंधनाचं तळं साचलं होतं. आजूबाजूची मंडळी पळाली. व्हिटल जागचा हलला नाही. ह्याला काही लोक धैर्य म्हणतात. स्वतः व्हिटलनं आपण भीतीनं गोठलो होतो असंच लिहून ठेवलंय, आणि मला तो माणूस त्यामुळे जास्त आवडतो.

सरांचं दैवत मात्र तिसरंच आहे. कुर्ट श्रेक्लिंग. ह्या जर्मन गृहस्थानं खेळण्यातल्या विमानांसाठी चिमुकलं जेट इंजिन केलं आणि ते कसं करायचं त्याचं पुस्तक लिहिलं. त्या इंजिनाचा कंप्रेसर, म्हणजे हवा दाबणारं चाक, चक्क प्लायवूडचं होतं. वरून कार्बन फायबर गुंडाळलेलं, पण आत प्लायवूड. आणि बाहेरचं कवच कॅम्पिंगला नेतात त्या गॅसच्या डबीचं. प्लायवूड आणि गॅसची डबी हे शब्द एका वाक्यात आले की आपण अग्निशामक दलाचा नंबर शोधतो. ह्या माणसानं त्यातून इंजिन काढलं. त्याच्या मागून युरोपातल्या हौशी लोकांनी आराखडे सुधारत नेले. त्यातला केजे-६६ नावाचा आराखडा तर जगभर घरोघरच्या लेथवर गेला. ६६ मिलिमीटरचं टर्बोचार्जरचं चाक, सगळ्या इंजिनाचं वजन किलोच्या आसपास, मिनिटाला लाखाच्या वर फेरे आणि सात-आठ किलोचा जोर.

सरांनीही आधी हाच आराखडा छापून आणला आणि दिवाणखान्यात टेबलावर पसरला. मग त्यांनी एक गणित केलं. लाख फेऱ्यांना तीन सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाच्या कडेला एक मिलिग्रॅम वजन जादा असेल तर ते तीनशे ग्रॅमच्या वर जोरानं बाहेर ओढतं. एक मिलिग्रॅम म्हणजे मिठाचे काही कण. सर बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. मग आराखड्याची घडी घालून म्हणाले, "चाक तयार घ्यावं." हे वाक्य ऐकून वहिनींना घरात प्रथमच सुधारणेची चिन्हं दिसली.

तयार चाक म्हणजे गाडीचा टर्बो. जेट इंजिन आणि टर्बोचार्जर ही सख्खी भावंडं. टर्बोत एका दांड्याच्या एका टोकाला हवा दाबणारं चाक असतं आणि दुसऱ्या टोकाला धुरानं फिरणारं. दोघांच्या मध्ये गाडीचं अख्खं इंजिन असतं. ते काढून टाकायचं आणि त्या जागी आग लावलेला डबा जोडायचा. बस, झालं जेट इंजिन. सर हे असं सांगतात की ऐकणाऱ्याला आपण आजवर का केलं नाही याची लाज वाटते.

आणि टर्बो शोधायला शारजासारखं ठिकाण नाही. शारजाचा इंडस्ट्रियल एरिया, इथल्या बोलीत सनैया, म्हणजे मेलेल्या गाड्यांची काशी. जपानहून आलेल्या, मधोमध कापलेल्या गाड्या (त्यांना इथे हाफ-कट म्हणतात) थरावर थर रचलेल्या. एका दुकानात फक्त दरवाजे, दुसऱ्यात फक्त गिअरबॉक्स, तिसऱ्यात नुसते आरसे. आफ्रिकेतून आलेले व्यापारी कंटेनर भरत असतात. दुबईत गाडीवर ओरखडा उमटला की लोक गाडी बदलतात. तो ओरखडा सोडून उरलेली सगळी गाडी इथे येते. देशात हातानं काही करणाऱ्या माणसाला आसरा मिळतो तो इथेच, हे माझं फार दिवसांचं निरीक्षण आहे. बुर्ज खलिफाच्या आसपास स्क्रूड्रायव्हर विकत मिळवून दाखवा.

दुकानदार पठाण होता. सरांनी टर्बो मागितला.

"गाड़ी कौन सा है?"

"गाडी नहीं है."

"मॉडेल?"

"मॉडेल भी नहीं. खाली टर्बो चाहिए."

पठाणानं सरांकडे नीट पाहिलं. कमरेला पट्टा, खिशाला दोन पेनं, पायात शाळेचे बूट. त्याच्या उभ्या आयुष्यात गाडीशिवाय टर्बो मागणारं गिऱ्हाईक आलं नसावं. घोडा नसताना नाल विकत घ्यायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं त्यानं बघितलं, आणि मग एक सुलेमानी मागवली. ह्या चहाचा अर्थ सहानुभूती असा होता. सरांनी एका डिझेल पिकअपचा टर्बो निवडला. दांडा दोन बोटांत धरून हलवून बघितला: आडवा किंचित हलला तर चालतो, आतबाहेर सरकला तर टाकून द्यायचा. हे बघून पठाणाला जरा धीर आला. वेडा आहे, पण कामातला आहे.

मग डबा. आगीची नळी, म्हणजे ज्यात ज्वाळा धरून ठेवायची ते भोकाभोकांचं नळकांडं, स्टेनलेस स्टीलचं लागतं. बाजारात पत्रा मिळतो, पाइप मिळतात. पण घरात एक उभा डबा होता. तुळशीबागेतला, वहिनींच्या रुखवतातला, झाकणावर नाव कोरलेला. त्याचा व्यास, सर सांगतात, दैवी योगायोगानं बरोबर होता. भोकं पाडायचंही शास्त्र आहे. पुढची भोकं लहान, तिथे हवा आणि गॅस मिसळून पेटतात. मधली जरा मोठी. मागची सगळ्यात मोठी, तिथून आत येणारी हवा ज्वाळेला थंड करते. इंजिनात शिरणाऱ्या हवेतली साधारण चौथाई जळायला लागते. बाकीची सगळी, त्या चौथाईनं केलेला प्रताप निस्तरायला. वहिनी म्हणाल्या, "आमच्या घरी पण हेच प्रमाण आहे."

डब्याचं वर्तमान त्यांना कळलं ते भोकं पाडून झाल्यावर. त्या प्रसंगाचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगतो, की ज्वालानलिकेच्या एका बाजूला, तिसऱ्या रांगेतल्या भोकांच्या वर, वहिनींचं माहेरचं नाव अजून वाचता येतं.

वेल्डिंगला सर एका मलबारी कारागिराकडे गेले. त्यानं प्रश्न एकच विचारला: "ड्रॉइंग आहे?" ड्रॉइंग होतं. त्यानं ते उलटसुलट पाहिलं, आर्गॉन वेल्डिंगनं सांधे असे भरले की जणू डबा तसाच जन्मला होता, आणि पैसे घेताना विचारलं, "गीझर?" सरांनी नाही म्हटलं. "मग शवर्मा?" सर दोन दिवस जेवले नाहीत.

खरा त्रास पुढे. टर्बोच्या दांड्याला दाबानं तेल पुरवावं लागतं, नाहीतर सेकंदात सगळं चिकटतं. सुरू करायला आधी बाहेरून वारा घालावा लागतो. परदेशात ह्यासाठी बागेतली पानं उडवायचा ब्लोअर वापरतात. शारजात पानं नाहीत, पण ब्लोअर आहेत, कारण वाळू आहे. इंधनाला गॅस. इथे सिलिंडर ११, २२ आणि ४४ किलोचे मिळतात. सरांचा डोळा २२च्यावर होता, वहिनींनी ११वर तडजोड घडवून आणली. आणि ह्या सगळ्याचा शेवट काय, तर मागचं चाक धुरानं फिरतं ते बहुतेक पुढच्या चाकाला फिरवण्यासाठी आणि पुढचं चाक हवा दाबतं ते मागच्याला फिरवण्यासाठी. दोघांचं भागून जे उरेल तो जोर आपला. मी विचारलं, किती उरतो? सर म्हणाले, "उरतो ही गोष्ट महत्त्वाची."

मी हा प्रश्न विचारायला नको होता असं नाही, पण एक लक्षात आलं की ह्या इंजिनाकडे बघून प्रत्येक माणूस आपापला प्रश्न विचारतो, आणि मराठी माणसाचा प्रश्न ठरलेला आहे. ह्याचा उपयोग काय? मंडळात विचारतात, व्हिडिओ कॉलवर सरांचे सासरे विचारतात. उडवायचं तर नाहीच. जानेवारी २०२२मध्ये, म्हणजे सरांना तिसरी सुट्टी मिळाली त्याच महिन्यात, अमिरातीनं खाजगी ड्रोन आणि हलकी क्रीडाविमानं उडवण्यावर बंदी घातली. सरांना ते पटलं होतं. त्यांचं इंजिन लोखंडी टेबलाला बोल्टांनी जखडलेलं असणार होतं. जाणार कुठेच नव्हतं, नुसतं ओरडणार होतं.

उपयोगाचा प्रश्न निघाला की सर दुबईच्या आकाशाकडे बोट दाखवतात. २०१५मध्ये पाम जुमेराच्या वर एमिरेट्सच्या ए-३८० विमानाशेजारी दोन माणसं पाठीवर पंख बांधून उडाली होती, ईव्ह रॉसी आणि व्हिन्स रेफे. प्रत्येकाच्या पंखाला चार चिमुकली जेट इंजिनं होती, जेटकॅट ह्या जर्मन कंपनीची. ही कंपनी खेळण्यातल्या विमानांच्याच दुनियेतली. म्हणजे कॅम्पिंगच्या गॅसच्या डबीतून निघालेलं खूळ होतं ते, आणि शेजारी ए-३८०! त्या विमानाच्या एकेका इंजिनाचा जोर बत्तीस टनांच्या घरात. इकडे एकेका इंजिनाचा चाळीस किलो. फेब्रुवारी २०२०मध्ये रेफे दुबईत जमिनीवरून सरळ उठला आणि १८०० मीटरपर्यंत चढला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सराव करताना तो गेला. हे सांगताना सरांचा आवाज खाली येतो, आणि टेबलाचे बोल्ट पुन्हा एकदा तपासले जातात.

मायदेशातलं उदाहरण द्यायचं तर कॅप्टन अमोल यादवांचं. कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. जेट नव्हे, पंख्याचं. २०१६मध्ये बीकेसीतल्या मेक इन इंडिया सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी मिळायला २०१७ उजाडलं. मला ह्यात विमानापेक्षा इमारतीचं आश्चर्य वाटतं. मुंबईत गच्चीवर पापड वाळत घातले तरी सोसायटीची नोटीस येते, आणि ह्या गृहस्थांनी तिथे विमान वाळत घातलं. सरांच्या बिल्डिंगमध्ये गच्चीची किल्ली नातूरकडे असते आणि नातूर ती पाण्याच्या टाकीवाल्याशिवाय कुणाला देत नाही. शिवाय सर स्वतःच म्हणाले, वस्तीत हे चालवणं गुन्हा नसला तरी पाप आहे.

तेव्हा जागा हवी होती वाळवंटात. ती दिली एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी. धैदच्या बाजूला त्यांचा मजरा आहे, म्हणजे शेत: खजुराची झाडं, थोड्या शेळ्या आणि एक अशी निसान पॅट्रोल की जिच्या टर्बोचं तोंड माझ्या डोक्याएवढं आहे. इकडच्या लोकांना टर्बो समजावून सांगावा लागत नाही. लिवाला मोरीबच्या तीनशे मीटरच्या वाळूच्या भिंतीवर गाड्या चढवायच्या शर्यती होतात, आणि त्यातल्या गाड्यांवर जो पैसा जातो त्यात दादरला फ्लॅट येईल. गृहस्थांनी इंजिनाभोवती एक फेरी मारली आणि गल्फच्या हिंदीत त्यांचा प्रश्न विचारला.

"कितना हॉर्सपावर?"

सर म्हणाले, ह्यात हॉर्सपॉवर मोजत नाहीत, जोर मोजतात. यजमानांनी सौजन्यानं मान हलवली. ज्या वस्तूला हॉर्सपॉवर नाही तिच्याविषयी पाहुण्याशी वाद घालू नये, अशी तिकडची रीत असावी.

सरांनी वाळूत पायानं रेषा मारल्या. चाकाच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, कारण चाक फुटलं तर तुकडे आडवे उडतात. मागे कुणी नाही, तिथून आग येते. उरलेल्या जागेत आम्ही सगळे उंचीप्रमाणे उभे, प्रार्थनेला असतो तसे. मग ब्लोअर. ठिणगी. गॅस. पहिल्यांदा डब्यातून नुसता 'भप्' असा आवाज झाला आणि मागून हातभर पिवळी ज्वाळा बाहेर आली, तेलाचा पांढरा धूर आला आणि शेळ्या गेल्या. सर शांत. त्यांनी गॅस किंचित कमी केला, वारा वाढवला. ज्वाळा आत ओढली गेली. एक शीळ सुरू झाली, बारीक, मग चढत चढत अशी की दातांत कळ यावी. ब्लोअर बाजूला केला. शीळ थांबली नाही. तुळशीबागेतला डबा लालबुंद होऊन स्वतःच्या बळावर चालत होता. लग्नाच्या मांडवात मुलीनं पहिल्यांदा नाव घ्यावं तसा सरांचा चेहरा झाला.

आणि मग एक गंमत. बाहेर उन्हाचा पारा चाळिशीच्या वर. अशा उन्हात हवाच विरळ, त्यामुळे इंजिनाचा जोरही घटलेला. पण गॅस इतक्या वेगानं ओढला जात होता की सिलिंडर थंड पडत चालला. आधी घाम, मग पांढरी साय, मग चक्क बर्फ! शारजाच्या वाळवंटात, जूनमध्ये, दहिवर नव्हे, खरखरीत बर्फ. मजऱ्यावरच्या मजुरांनी इंजिनाकडे पाठ केली आणि सिलिंडरभोवती गर्दी केली. एकानं बोट लावून चाखून पाहिलं. सर ओरडून सांगत होते की इकडे बघा, पण सरांचा आवाज त्यांच्याच इंजिनात बुडाला. गारठल्या सिलिंडरातून गॅस येईना, शीळ उतरत गेली आणि इंजिन थांबलं. वहिनींनी थर्मासमधलं चहाचं पाणी सिलिंडरवर ओतावं की नाही यावर बोलणी चालू होती तोवर सगळं संपलं होतं.

यजमान खूश होते. हॉर्सपॉवर नसलेली वस्तू इतका आवाज करते हे त्यांना मनापासून आवडलं. पण बोलला तो मजऱ्याचा मुकादम, इतका वेळ झाडांकडे बघत उभा असलेला. खजूर पिकायला लागला की मैना आणि बुलबुल घडांवर तुटून पडतात. जाळी लावली तर ती फाडतात, डबे वाजवले तर सवय होते. आज मात्र, तो म्हणाला, एक पाखरू झाडावर नाही. त्यानं अदबीनं विचारलं, की मास्तरसाब हे यंत्र महिनाभर इथेच ठेवतील का?

ज्या यंत्राचे पूर्वज व्हिटल आणि ओहाइन, त्याला बुजगावणं म्हणून ठेवायचं! सर खवळले. भर वाळवंटात त्यांनी मुकादमाला न्यूटनचा तिसरा नियम समजावून सांगितला. मुकादमानं तो ऐकून घेतला आणि पुन्हा विचारलं, की सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, पाच-पाच मिनिटं चालेल का.

उत्तर वहिनींनी दिलं. गॅस मजऱ्याचा, तेल मजऱ्याचं आणि हंगाम संपल्यावर 'खलास' जातीच्या खजुराच्या चार पेट्या. सर गाडीत जाऊन बसले. वहिनी आणि मुकादम पेट्या किती किलोच्या यावर बोलत राहिले.